तिखट कानाचा ट्यूनर

घरात स्टिरिओ घ्यायचे ठरले की चर्चा स्पीकरपासून सुरू होते. स्पीकर केवढे, अ‍ॅम्प्लिफायर किती वॅटचा, मोबाइल जोडता येईल का, हे प्रश्न घरातली धाकटी मंडळी विचारतात. रेडिओचा विषय निघतो तो अगदी शेवटी आणि तोही बहुधा एखाद्या आजीच्या किंवा आजोबांच्या तोंडून, ‘‘यावर विविध भारती लागेल ना?’’ दुकानदार ‘‘लागेल की!’’ म्हणतो आणि पावती फाडतो. घरी आल्यावर विविध भारती लागते खरी, पण गाण्यामागे कढईत भजी तळली जात असल्यासारखा चुरचुर आवाज येत राहतो. समोरून कुणी चालत गेले की गाणे फाटते. चार दिवस वायर इकडून तिकडे हलवून होते, मग स्टिरिओवरचा रेडिओ बंद होतो तो कायमचा आणि ज्यांनी तो प्रश्न विचारला होता त्यांचा जुना ट्रान्झिस्टर पुन्हा खिडकीत येऊन बसतो.

दोष बिचाऱ्या रेडिओचा असतोच असे नाही. स्टिरिओतल्या इतर वस्तू आपण जशा निवडतो, तसा ट्यूनर निवडता येत नाही, ही खरी अडचण आहे. सीडी प्लेअर दादरला जसा वाजतो तसाच दापोलीलाही वाजतो. ट्यूनरचे तसे नाही. तो हवेतून येणाऱ्या लहरींवर जगतो आणि त्या लहरी प्रत्येक घरी वेगळ्या असतात. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणता ट्यूनर चांगला’ हा नसून ‘माझ्या घरी काय पोचते आणि मला त्यातले काय ऐकायचे आहे’ हा आहे. त्याचे उत्तर मिळाले की अँटेना ठरते आणि ट्यूनरचा क्रम त्यानंतर लागतो. बहुतेक घरांत पैसे नेमके उलट्या क्रमाने खर्च होतात.

ट्यूनर म्हणजे स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर नसलेला रेडिओ. अँटेनावर एकाच वेळी शेकडो लहरी आदळत असतात. त्यातली हवी ती उचलायची, बाकीच्यांना दाराबाहेर ठेवायचे आणि उचललेल्या लहरीवरचा आवाज सोलून अ‍ॅम्प्लिफायरच्या हाती द्यायचा, एवढे त्याचे काम. उचललेला संदेश असतो व्होल्टच्या काही दशलक्षांश भागाएवढा. दुकानात कौतुक होते ते ‘किती लांबचे स्टेशन ओढतो’ याचे. पण मुंबई-पुण्यासारख्या शहरात दुसरे काम, म्हणजे नको त्याला नाकारणे, जास्त मोलाचे असते. गर्दीत मोठ्याने बोलणारे चिक्कार असतात, आपल्या माणसाचा आवाज तेवढा ओळखणारा कान विरळा.

पाण्याचा आवाज पाण्यासारखा

आज आपण ज्याला नुसते ‘एफएम’ म्हणतो ते तंत्र अमेरिकेच्या एडविन आर्मस्ट्राँग यांचे. त्याआधीचा रेडिओ लहरीची उंची कमीजास्त करून आवाज वाहून नेई आणि विजेच्या कडकडाटापासून मोटारीच्या ठिणगीपर्यंत सगळा गोंगाटही याच उंचीवर स्वार होऊन येई. आर्मस्ट्राँग यांनी लहरीची उंची कायम ठेवून तिची कंपनसंख्या हलवायची कल्पना लढवली. १९३३ साली त्यांना तिची पेटंटे मिळाली. १९३५च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये रेडिओ अभियंत्यांसमोर त्यांनी प्रात्यक्षिक दाखवले. काही मैलांवरच्या एका घरातून पेल्यात पाणी ओतल्याचा आणि कागद फाडल्याचा आवाज प्रक्षेपित केला गेला. सभागृहात पाणी पाण्यासारखे आणि कागद कागदासारखा ऐकू आला. त्या काळच्या रेडिओच्या खरखरीला सरावलेल्या कानांना हे अद्भुतच होते. पुढे मोठ्या कंपन्यांशी कोर्टकचेऱ्या करण्यात या माणसाचे आयुष्य गेले आणि १९५४ साली त्यांनी ते स्वतःच्या हाताने संपवले. त्यांच्या पत्नीने खटले चालू ठेवले आणि जिंकले.

भारतात एफएम आले १९७७ साली, मद्रासला. १९९३मध्ये आकाशवाणीने एफएमवरच्या वेळा खासगी निर्मात्यांना द्यायला सुरुवात केली आणि २००१पासून बंगळूरहून सुरुवात होऊन खासगी केंद्रे स्वतःच्या प्रक्षेपकांसह उभी राहिली. आज मुंबईच्या पट्टीवर ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५, ९४.३ अशा अवघ्या ०.८ मेगाहर्ट्झच्या अंतराने जागा वाटलेल्या आहेत. पुढे ९८.३ आणि १०४.०, शिवाय आकाशवाणीच्या १००.७ आणि १०७.१. चाळीतल्या खोल्यांसारखी ही रांग आहे. भिंत पातळ असेल तर शेजारचे बोलणे ऐकू येणारच.

आधी घर, मग ट्यूनर

एफएमच्या लहरी जवळजवळ नजरेसारख्या सरळ जातात. उंच मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी सपाट प्रदेशात साधारण पन्नास-साठ किलोमीटरपर्यंत चांगल्या पोचतात, पण मध्ये डोंगर आला की थबकतात. कोकणात किंवा मावळात एका वाडीत स्वच्छ लागणारे केंद्र टेकडीपलीकडच्या वाडीत मुळीच लागत नाही, ते यामुळे. अशा ठिकाणी संवेदनक्षम ट्यूनर आणि छपरावरची अँटेना यांना पर्याय नाही.

शहरात दुखणे निराळे असते. लहरी भरपूर, पण त्या समोरच्या टॉवरवर, पुलावर, पाण्याच्या टाकीवर आपटून दोन-तीन वाटांनी घरात शिरतात. एकच गाणे किंचित मागेपुढे होऊन दोनदा पोचते आणि आवाज फाटतो. निवेदिकेच्या ‘स’ आणि ‘श’ला धार येते, पियानोला कंप येतो. खोलीत माणूस हलला तरी फरक पडतो, कारण माणसाचे शरीरही या लहरींची वाट अडवते. इथे लांबचे ओढणारा ट्यूनर नको. दोन सारख्या लहरींतली जोरकस तेवढी धरून दुसरीला दाबणारा हवा. माहितीपत्रकात हा गुण ‘कॅप्चर रेशो’ या नावाने दिलेला असतो आणि तो आकडा जितका लहान तितका चांगला. एक ते दीड डेसिबल म्हणजे उत्तम.

निवडक्षमतेचा आकडा मात्र मोठा हवा. ०.४ मेगाहर्ट्झवरच्या शेजाऱ्याला साठ डेसिबलने दाबणारा ट्यूनर कामचलाऊ आणि ऐंशीच्या पुढचा चांगला. विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांनी ‘इमेज रिजेक्शन’ही पाहावे. विमानांची बोलणी ११८ मेगाहर्ट्झच्या पुढे चालतात आणि स्वस्त संचात ती २१.४ मेगाहर्ट्झ खाली सरकून एफएमच्या पट्टीत उमटू शकतात. गाण्याच्या मधेच वैमानिकाची पुटपुट ऐकू आली, तर ते भूत नसून हा दोष असतो.

संवेदनक्षमतेच्या आकड्यात एक गंमत आहे. एका पत्रकात १ मायक्रोव्होल्ट लिहिलेले असते, दुसऱ्यात २. पहिला दुप्पट चांगला असे वाटते. पण पहिला आकडा ७५ ओहमच्या जोडणीचा आणि दुसरा ३०० ओहमच्या जोडणीचा असेल, तर दोघेही अगदी सारखे! म्हणून आकड्यासमोर ओहम किती ते आधी वाचावे. आणि मोनोचा नव्हे, स्टिरिओचा आकडा विचारावा, कारण खरी परीक्षा तिथे असते.

स्टिरिओत खरखर का वाढते, हे कळले तर निम्मी चिडचिड कमी होईल. १९६१ साली अमेरिकेत मान्य झालेली पद्धत आज सर्वत्र आहे. तीत डाव्या-उजव्या आवाजांची बेरीज नेहमीच्या जागी जाते, म्हणजे जुन्या मोनो संचांनाही गाणे पुरे ऐकू येते. दोघांतली वजाबाकी मात्र ३८ किलोहर्ट्झच्या वरच्या मजल्यावर बसवलेली असते. एफएममधला गोंगाट वरच्या मजल्यावर जास्त असतो, त्यामुळे वजाबाकी खाली आणताना तोही बरोबर उतरतो. तितक्याच शांत स्टिरिओसाठी मोनोच्या सुमारे शंभरपट शक्तीचा संदेश लागतो. म्हणून ट्यूनरवर ‘मोनो’चे बटण असावेच. लांबचे केंद्र ऐकताना ते दाबले की खरखर झटक्यात ओसरते.

परदेशातून आलेली भेट

मराठी घरांत ट्यूनर येण्याचा एक हमखास मार्ग म्हणजे परदेशातले नातेवाईक. भाचा अमेरिकेतून परतताना सामान आणतो, कुणी जपानहून सुंदर चंदेरी संच पाठवतो. भेट प्रेमाची असते, पण प्लग लावण्यापूर्वी तीन-चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, वीज. अमेरिकेचा संच १२० व्होल्टचा, जपानचा १०० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टवर तो थेट लावला तर पहिल्याच मिनिटाला धूर. त्यासाठी स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर हवा. दुसरी, पट्टी. जपानमध्ये एफएमची मूळ पट्टी ७६ ते ९० मेगाहर्ट्झ आहे. तिथल्या जुन्या संचावर आपली ९१च्या पुढची केंद्रे लागतच नाहीत, मग संच कितीही नामांकित असो. तिसरी, पावले. अमेरिकेतली केंद्रे ०.२ मेगाहर्ट्झच्या अंतराने आणि विषम दशांशावरच असतात. तिथल्या बऱ्याच अंकदर्शक ट्यूनरना १०३.९ आणि १०४.१ ठाऊक असते, मधले १०४.० नाही. मध्यम लहरींवर आपल्याकडे पावले ९ किलोहर्ट्झची, अमेरिकेत १०ची. ज्या ५५८वर मुंबईकरांनी वर्षानुवर्षे मराठी कार्यक्रम ऐकले, तो आकडा अशा संचावर उमटतच नाही. ५५०नंतर थेट ५६०. काही संचांच्या पाठीवर यासाठी छोटा खटका असतो, तो आधी शोधावा. काटा फिरवायचा जुना ट्यूनर मात्र कुठेही थांबतो, त्याला या पावलांची अडचण नाही. चौथी गोष्ट कानाला कळते. अमेरिकी संच वरच्या पट्टीचे स्वर आपल्यापेक्षा जास्त दाबतो, त्यामुळे आपली केंद्रे त्यावर थोडी मंद, झाकल्यासारखी वाटतात. अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रेबल किंचित वाढवला की बरेचसे भागते.

लंडनहून आलेल्या संचावर ‘डीएबी’ लिहिलेले असेल, तर तेवढ्या भागाचा आपल्याला उपयोग नाही. तिकडे ही अंकीय पद्धत रुजली आहे. नॉर्वेने तर २०१७ साली राष्ट्रीय केंद्रांचे एफएम बंदच केले. आपल्याकडे आकाशवाणीने मध्यम लहरींवर वेगळी, ‘डीआरएम’ ही पद्धत आणली आणि तिला वेगळा संच लागतो.

जुने ते सोने, पण तपासून

जुन्या ट्यूनरचे वेड जगभर आहे. १९६४च्या मरांट्झ १०बी या संचात तर लहरीची प्रकृती डोळ्यांनी दिसावी म्हणून चिमुकला पडदा बसवलेला होता. पण किंमत आणि गुण यांचे नाते ट्यूनरमध्ये सरळ नाही. २००८ साली अमेरिकेत सोनीचा एक्सडीआर-एफ१एचडी हा शंभर डॉलरच्या आसपासचा हलकासा डबा आला आणि गर्दीतले केंद्र वेगळे काढण्यात त्याने कित्येक महागड्या संचांना मागे टाकले. २००५पासून तर अख्खा एफएम रेडिओ नखाएवढ्या चिपवर मावू लागला. तेव्हा वजनदार म्हणजे चांगला, हा आजोबांच्या वेळचा नियम इथे लागू पडत नाही.

मुंबईचा चोरबाजार, लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याचा जुना बाजार इथून जुना ट्यूनर घ्यायचा तर घाई करू नये. अर्धा तास चालू ठेवून पाहावा. लावलेले केंद्र गरम झाल्यावर सरकते का, स्टिरिओचा दिवा लुकलुकतो का, काट्याची दोरी घसरते का, बटण फिरवताना गँगमधून करकर येते का, हे सगळे तेवढ्या वेळात समजते. दोरी, दिवा, सुकलेले कंडेन्सर हे खर्च किरकोळ आहेत. पण आतल्या रंगीत आयएफटींना कुणी हौशी मेकॅनिकने स्क्रू ड्रायव्हर लावून फिरवले असेल, तर ट्यूनर बहिरा होतो आणि योग्य उपकरणाशिवाय पुन्हा जागेवर येत नाही. असा संच फुकट मिळाला तरी महागच.

दीड मीटर वायरची करामत

आता सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तूकडे येऊ. एफएमच्या लहरीची लांबी सुमारे तीन मीटर असते आणि तिच्या निम्म्या लांबीची, म्हणजे जवळपास दीड मीटरची, आडवी तार तिला उत्तम पकडते. पूर्वी टीव्हीला लावत ती चपटी वायर अजूनही काही दुकानांत मिळते. तिचा दीड मीटरचा तुकडा घ्यावा. दोन्ही टोकांना त्यातल्या दोन तारा एकमेकींना जोडाव्यात. मधोमध एकच तार कापून त्या दोन टोकांना खाली येणारी चपटी वायर जोडावी. इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखी ही अँटेना ट्यूनरच्या मागच्या ३०० ओहमच्या स्क्रूंना थेट लागते. मागे फक्त ७५ ओहमचे गोल तोंड असेल तर मधे छोटा मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावावा. भिंतीवर ती आडवी ठेवून पाहावी, उभी ठेवून पाहावी, खिडकीच्या लोखंडी ग्रिलपासून दूर न्यावी. दोन फूट सरकवल्याने जो फरक पडतो, तो कधी कधी दहा हजार रुपयांचा ट्यूनर बदलूनही पडत नाही. हे काम रविवारच्या एका दुपारचे आहे आणि घरातल्या मुलांना त्यातून भौतिकशास्त्राचा एक धडाही मिळतो.

गावाकडे छपरावर अँटेना बसवणार असाल तर खांबाला अर्थिंग करावे आणि पावसाळ्यात विजा सुरू झाल्या की ट्यूनरची वायर काढून ठेवावी.

मध्यम लहरींचा शत्रू आता घरातच राहतो. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर या सगळ्यांची गुरगुर त्या पट्टीवर ऐकू येते. संचाबरोबर येणारी गोल तारेची अँटेना या वस्तूंपासून लांब ठेवून हळूहळू फिरवावी. मात्र मध्यम लहरींसाठी जादा पैसे मोजण्यापूर्वी हवे ते केंद्र घरी येते का, हे साध्या ट्रान्झिस्टरवर पाहून घ्यावे.

हा सगळा खटाटोप करायचा कशाला, मोबाइलवर सारे मिळते की, असे कुणी म्हणेल. खरे आहे. डोंगराआडच्या घरात केंद्र येतच नसेल, तर आकाशवाणीचे अ‍ॅप स्टिरिओला जोडावे, ट्यूनरवर पैसे घालवू नयेत. पण जिथे लहर पोचते तिथे ट्यूनरचे सुख निराळे आहे. त्याला पासवर्ड लागत नाही, डेटा संपत नाही, मधेच फोन येऊन गाणे तुटत नाही. ऐंशीच्या घरातल्या माणसालाही एक बटण दाबून तो लावता येतो. २६ जुलै २००५च्या प्रलयात मुंबईतले फोन आणि वीज दोन्ही गेल्यावर बातमीचे मोल काय असते, ते शहराने अनुभवले. अशा दिवशी विजेवर चालणारा ट्यूनर कामाचा नाही, म्हणून सेलवरचा ट्रान्झिस्टर घरात असू द्यावाच.

१९५५-५६ साली गदिमा आणि बाबूजींचे गीतरामायण पुणे केंद्रावरून आठवड्यामागून आठवडे घराघरांत ऐकले गेले, ते मध्यम लहरींवर, मोनोत, एकाच स्पीकरवर. चांगला ट्यूनर कार्यक्रम चांगला करत नाही. कार्यक्रम आणि ऐकणारा यांच्यामधला पडदा तेवढा दूर करतो. तो किती दूर झाला, हे जोखायला माहितीपत्रक लागत नाही. संच शक्य तर बोलीवर घरी आणावा, आपल्याच अँटेनावर लावावा आणि दोन गोष्टी ऐकाव्यात. बातम्या देणाऱ्याचे ‘स’ आणि ‘श’ स्वच्छ उमटतात का आणि शास्त्रीय गायनात गवई श्वास घ्यायला थांबला की मागे नुसता तानपुरा ऐकू येतो का. दोन्ही साधले तर पैसे द्यावेत. आणि ही परीक्षा घ्यायला घरातल्या त्याच माणसाला बसवावे, जे रोज रेडिओ लावणार आहे.